अस्वलाच्या कुलपाची चंदेरी गाडी

"आज संध्याकाळच्या आत बाबांना गाडी निवडायला लावली नाही, तर मी जन्मभर सायकल चालवीन!"

शनिवारी सकाळी मार्लिसने कॅम्परमधल्या छोट्या आरशात बघून हे जाहीर केलं. आरशाने हरकत घेतली नाही. मार्लिस सोळा वर्षांची होती. वसंतातच तिला लायसन्स मिळालं होतं, आणि तेव्हापासून आपल्याला न जमणारं असं जगात काही उरलंय, हे तिला पटेनासं झालं होतं.

कॅम्पर म्हणजे टॉल्फसन कुटुंबाचं चाकांवरचं घर. पण चाकं नावालाच! गेले तीन उन्हाळे ते घर अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली ठाण मांडून होतं. चाकांभोवती गवत इतकं माजलं होतं की घराला मुळं फुटलीत असं वाटावं. मार्लिस उन्हाळाभर त्यातच झोपायची. डोळे मिटले की अंगण हळूहळू विरघळायचं आणि त्याच्या जागी टिंबर लेक यायचं. निळंगार पाणी, त्यावर दुधावरच्या सायीसारखं धुकं. काठावर उभा असलेला भलामोठा पिकअप, त्याचा मागचा फाळका खाली पाडलेला, आणि त्यावर पाय लोंबकळत सोडून बसलेली मार्लिस. मांडीवर रानातल्या आंबटगोड हकलबेरींचा वाडगा. पलीकडच्या काठावर एक हरीण पाणी पिता पिता मान वर करून बघायचं. जणू विचारायचं, काय गं, आलीस एकदाची?

या सगळ्यात कमी होती ती फक्त पिकअपची.

म्हणजे घरात एक होता. हिरवा, म्हातारा, दार लावताना शिंकणारा. पण कॅम्पर ओढत तो खिंड चढणार नाही, असं बाबांचं, म्हणजे वेंडेल टॉल्फसनचं, ठाम मत होतं. त्याला दुसरा हवा होता. दणकट, भरवशाचा, होडी, तंबू, लाकडं, बायको-मुलगी सगळं घेऊन डोंगर चढेल असा. आणि असा पिकअप निवडायचा म्हणजे काय पोरखेळ आहे? वेंडेल गाडी बघायला जायचा तो पोरीसाठी स्थळ बघायला निघाल्यासारखा. आधी गाडीभोवती चकरा. मग टायरांना लाथा. मग जमिनीवर उताणा पडून तो गाडीखाली गडप व्हायचा आणि तिथे इतका रमायचा की मालक घरात जाऊन जेवून यायचे. बाहेर आला की मान नकारार्थी हलायची. एकीचा हौदा आखूड, होडी बाहेर लोंबेल. एकीची सीट दातांच्या डॉक्टरकडची वाटते. एकीचं तर सगळंच उत्तम होतं, पण "हिचं इंजिन माझ्याशी मोकळेपणानं बोलत नाही," असं म्हणून त्याने तीही परत केली.

शेवटी आई, जोलीन, कंटाळली. रविवारी सकाळी शेजारच्या गावचा एक माणूस येऊन कॅम्पर नेणार होता. त्याला त्यात कोंबड्या ठेवायच्या होत्या. "निदान कोंबड्यांचा उन्हाळा तरी मजेत जाईल," आई म्हणाली होती, आणि ती चेष्टा करत नव्हती.

म्हणजे हातात हा एकच दिवस. त्यात टिंबर लेकच्या काठी गावातल्या जुनेल नावाच्या मुलीचं लग्न. अख्खं गाव जाणार होतं. आई फुलं घेऊन मैत्रिणीबरोबर सकाळीच निघून गेली होती, आणि बापलेकींनी गाडी बघून मागाहून यायचं ठरलं होतं. जाताना आई म्हणाली, "तळ्यावर भेटू." आणि तिला हसू फुटलं. टिंबर लेकचा विषय निघाला की आईला नेहमी असं हसू यायचं, आणि बाबांना खोकला. मार्लिसने कधी फार विचार केला नव्हता. मोठी माणसं कशावरही हसतात.

बघायची गाडी होती गावातल्या अर्डिस आजींची. फोनवर आजींनी सांगितलं की चंदेरी पिकअप पेंडीच्या दुकानापाशी उभा आहे, चावी आतच आहे, हवा तितका फिरवा, हवं ते ओढून बघा, मन भरलं की आणून सोडा.

चावी आतच आहे हे खरं तर सांगायचीही गरज नव्हती. विलो फोर्क गावात सगळ्यांच्याच चाव्या गाडीत असतात. गाडीला कुलूप घालणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं! एकदा एका माणसाने दुकानासमोर गाडी कुलूपबंद केली, तर तो परका, कॅलिफोर्नियाचा असणार असं ठरवून लोकांनी त्याला कितीतरी दिवस रस्ते समजावून सांगितले.

दुकानासमोर चंदेरी पिकअप उभा होता. पण काय उभा होता! सकाळच्या उन्हात नुकताच तळ्यातून बाहेर आलेला मासाच जणू. मार्लिसने तो लगेच ओळखला. हाच तो. हाच काठावर उभा असायचा रोज.

"विकाऊ असल्याची पाटी कुठाय?" वेंडेलने शंका काढली.

"वाऱ्याने उडाली असेल. बसा बाबा."

पण वेंडेल आधी गाडीखाली गेलाच. लवकर बाहेर आला, हेच नवल. हौद्यावर पत्र्याचं झाकण होतं आणि झाकणाला जाडजूड कुलूप. ते बघून त्याचा चेहरा खुलला. माणसांसाठी कुलूप लावणं वेगळं आणि सामान उचकटणाऱ्या अस्वलासाठी लावणं वेगळं. "माणूस जाणता दिसतोय, आजींचा नवरा," तो म्हणाला. "अस्वलाचा विचार करणाऱ्याने इंजिनाचाही केला असणार."

मागच्या सीटवर एक जाडा, म्हातारा कुत्रा झोपला होता. त्याने एक डोळा उघडून दोघांना पाहिलं, पसंत केलं आणि पुन्हा मिटला.

"जाहिरातीत कुत्रा नव्हता," वेंडेल म्हणाला.

"आजी म्हणाल्या ना, हवं ते करा. फिरायला आवडत असेल त्याला."

म्हातारा हिरवा पिकअप तिथेच ठेवून, चावी अर्थातच त्यातच ठेवून, दोघं निघाले. आणि काय सांगावं! गाडी चालत नव्हती, तरंगत होती. आत खरपूस, धुरकट असा एक सुंदर वास होता. वेंडेलने दोनदा थांबून काही जळतंय का ते पाहिलं. मार्लिसला मात्र वाटलं, गाडीला असाच वास हवा, शेकोटीच्या आठवणीसारखा. समोरून येणारा प्रत्येक जण शिरस्त्याप्रमाणे नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलत होता, पण आज त्या बोटांत विशेष माया होती. एका शेतकऱ्याने तर पोट चोळून दाखवलं. वेंडेल म्हणाला, तब्येत बरी नसेल बिचाऱ्याची.

"बाबा, ओढून बघितल्याशिवाय कसं कळणार?" मार्लिसने हळूच पिल्लू सोडलं.

थोड्याच वेळात कॅम्परची मुळं गवतातून उपटली गेली आणि तो चंदेरी गाडीच्या मागच्या कडीला लागला. आधी ठरलं फक्त गल्लीच्या टोकापर्यंत. मग पुलापर्यंत. पूल आला तेव्हा खिंड समोरच दिसत होती, आणि समोर दिसणारी खिंड अर्धवट सोडून कोण परततं?

चढ लागला. दोन्ही बाजूंना लार्चची झाडं सरकू लागली. उजेड गाळून गाळून रस्त्यावर पडत होता. मागे कॅम्पर एखाद्या शहाण्या गायीसारखा येत होता. वेंडेलने इंजिनाला कान दिला. "बोलतंय," तो पुटपुटला. "मोकळेपणानं बोलतंय गं." बोललं तर जाग येईल अशी मार्लिसला भीती वाटत होती. खिंडीच्या माथ्यावरून खाली टिंबर लेक दिसलं, अगदी रोजच्याइतकंच निळं. फक्त आज ते मिटलेल्या डोळ्यांच्या आत नव्हतं.

काठावर लग्नाचे लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. चंदेरी गाडी दिसताच सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले! वेंडेल बावरला. एका पिकअपच्या खरेदीवर गावाचं एवढं लक्ष होतं?

गर्दीतून आई पळत आली. हातात अजून फुलं होती. तिने गाडी पाहिली, मागचा कॅम्पर पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. "वेंडेल, निवडलीस तू?"

अशा वेळी कुठला नवरा नाही म्हणेल? वेंडेलने बॉनेटवर हात ठेवला, छाती फुगवली आणि म्हणाला, "निवडली."

"पण ही तर रस्टीची गाडी आहे," मागून नवरी, जुनेल, म्हणाली. "माझं जेवण कुठाय?"

रस्टी म्हणजे गावातल्या प्रत्येक लग्नात मांस धुरावर शिजवणारा आचारी. गाडीतला वास, शेतकऱ्याचं पोट, हौद्याचं कुलूप, सगळं मार्लिसच्या डोक्यात एकदमच धाडकन येऊन बसलं. कुत्र्याने खिडकीतून डोकं काढलं आणि ओळखीच्या लोकांना पाहून एकदाच भुंकला. पुरावा पक्का झाला.

वेंडेलचा हात बॉनेटवरून असा निघाला, जणू ते तापलं होतं. तो कसंबसं समजावू लागला की आजींची गाडीही चंदेरीच, चावी आतच, पाटी वाऱ्याने... तेवढ्यात खिंडीकडून एक शिंक ऐकू आली.

ती शिंक टॉल्फसनांनी कुठेही ओळखली असती. म्हातारा हिरवा पिकअप उतारावरून डुलत डुलत येत होता, आणि त्याच्या मागे होती रस्टीची मांस शिजवायची लोखंडी भट्टी, चाकांवरचा काळाकुट्ट हत्तीच! कॅम्परच्या दुप्पट जड. रस्टी खाली उतरला, कुणावरही न चिडता. दुकानातून लाकडं घेऊन बाहेर आला तर गाडी नव्हती. मग शेजारी जी उभी होती तिला भट्टी जोडून आला. आजींच्या गाडीचं विचारलंत, तर ती दुकानाच्या मागे उभी आहे आणि महिनाभर सुरूच होत नाहीये.

"पण तुझी ही हिरवी, वेंडेल," रस्टी म्हणाला, "काय जनावर आहे! खिंडीत एकदाही थांबली नाही."

आई सावकाश नवऱ्याकडे वळली. "हत्ती ओढते. आणि आपला कॅम्पर तीन उन्हाळे ओढवला नाही?"

"वारा मागून असेल," वेंडेल म्हणाला आणि खोकला.

तो खोकला ऐकताच आईला सगळं उमगलं. "वेंडेल टॉल्फसन, अजून ते संडासाचंच घेऊन बसलायस तू?"

मग मार्लिसला कळलं. तळ्यावरच्या लोकांची एक जुनी करमणूक आहे. कुणी कॅम्पर घेऊन आलं की सगळे खुर्च्या वळवून बसतात आणि तो माणूस कॅम्पर उलटा घेत जागेवर कसा लावतो ते बघतात. सल्ले फुकट. मागच्या वेळी, मार्लिस आपल्या आजीच्या घरी असताना, वेंडेलने कॅम्पर उलटा घेता घेता तळ्यावरच्या लाकडी संडासाच्या दाराला नेऊन टेकवला होता. आत पाद्री हॅल्वर होते. त्यांना खिडकीतून काढावं लागलं. तेव्हापासून बाबा मनासारखी गाडी शोधत होते!

मार्लिसने बापाकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस बुटाच्या टोकाने माती उकरत होता. तिला एकदम त्याच्याबद्दल भरून आलं. तोही रोज डोळे मिटून या तळ्यावर येत असणार. फक्त त्याच्या तळ्यावर खुर्च्या होत्या.

जेवण उतरवून झालं. पण कॅम्पर वाटेतच आडवा उभा होता, आणि तिथून टेबलं न्यायची होती. कुणीतरी तो उलटा घेऊन झाडांखाली लावायलाच हवा होता. खुर्च्या आपोआप वळू लागल्या. वेंडेलचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"मी घेते," मार्लिस म्हणाली. "मला येतं."

येत नव्हतं. पण लायसन्स होतं! ती चंदेरी गाडीत चढली. आरशात तळं दिसत होतं, झाडं दिसत होती, आईचा हात दिसत होता. उजवीकडे फिरवलं की कॅम्पर डावीकडे जातो एवढं तिने ऐकलं होतं. तिने फिरवलं. कॅम्पर डौलाने वळला, स्वप्नात वळावा तसा, जराही धक्का न देता. खुर्च्यांमधून एकही सल्ला आला नाही. एवढी शांतता म्हणजे कौतुकच, असं समजून ती आणखी मागे गेली, आणि एकदम हलकेच, पापणी मिटल्यासारखा, कॅम्पर कशालातरी टेकला.

ती खाली उतरली. कॅम्परची पाठ संडासाच्या नव्या कोऱ्या दाराला अगदी चपखल बसली होती.

वेंडेल पुढे झाला. त्याने फळ्यांवर हळूच टकटक केली. "आत कोणी आहे का?"

आतून पाद्री हॅल्वर यांचा थकलेला आवाज आला, "मीच. पुन्हा."

आई हसत हसत कॅम्परच्या पायरीवर बसली ती बसलीच. डोळे पुसत ती म्हणाली की कोंबड्यांनी आता दुसरं घर बघावं, हे ती कुणालाही देणार नाही. नवरी हसली, रस्टी हसला, कुत्राही गाडीतून उतरून आला. पाद्रीबाबांना खिडकीतून काढायला चौघं धावले. सवय असल्यामुळे पाद्रीबाबांनी स्वतःच पाय आधी बाहेर काढले.

आणि वेंडेल? तीन उन्हाळ्यांत पहिल्यांदाच तो ताठ उभा होता. त्याने लेकीच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुझा काही दोष नाही. गाडीच तशी आहे. पुढच्या शनिवारी आपण दुसरी बघू."

मार्लिसने मान हलवली. सायकलीच्या शपथेचं तिने आरशाशिवाय कुणाला सांगितलंच नव्हतं, ते एक बरं झालं.