मध्यंतरानंतरची आजी

माणसं वठणीवर कशी आणायची, हे मला कुणी शिकवू नये! पोरगा आणि सूनबाई वेगळं राहायला फ्लॅट बघून आले, तेव्हा दुसरी एखादी असती तर रडत बसली असती. मी म्हटलं, रविवारी जेवून सगळे टीव्हीसमोर बसा. विहीणबाईंनाही बोलवा. लेकीचे पराक्रम त्यांनाही कळू देत!

माझ्या लहानपणी एक सिनेमा होता. त्यातलं कुटुंब म्हणजे सोनं! आजीला खुर्चीत बसवायचे, केस विंचरायचे, गॉगल लावायचे, फिरायला न्यायचे. माझे वडील थिएटरात डोअरकीपर, त्यामुळे हा सिनेमा मी इतक्यांदा पाहिला की पडद्यावरची माणसं मला ओळखायला लागली असतील. फक्त मध्यंतरात मालक फेरी मारायचे, म्हणून त्याआधी वडील आम्हा भावंडांना मागच्या दाराने बाहेर काढायचे. बिघडलं कुठे? कापडाचा पोत बघायला अख्खा तागा उलगडावा लागतो का?

पोराने कुठूनसा शोधून लावला. रिमोट अर्थातच माझ्या हातात.

"बघ! सून कशी सासूची चादर नीट करतेय!" मी सूनबाईला कोपराने ढोसलं.

"आई, आजी काही बोलतच नाहीत हो."

"समाधानी माणूस बोलत नाही!"

"आणि घरात गॉगल?" विहीणबाईंनी विचारलं.

"मोतीबिंदू असेल! एवढ्या प्रेमात तुम्हाला गॉगलच दिसला ना?"

"सारखं अत्तर का शिंपडतायत तिच्यावर?" पोरगा पुटपुटला.

"आईवर अत्तर शिंपडायला कारण लागतं? तू मला कधी साबणाची वडी तरी आणलीस?"

मध्यंतर झालं. पुढचं मीही पहिल्यांदाच बघत होते, पण चेहऱ्यावर दाखवते की काय!

पडद्यावर डॉक्टर आला. त्याने आजीची नाडी धरली, गॉगल काढला आणि म्हणाला, "ह्यांना जाऊन आठवडा झाला!"

घर म्हणे आजीच्या नावावर होतं. ते हाती येईपर्यंत त्या नालायकांनी म्हातारीला तशीच मिरवली होती! पुढे तिला कपाटात काय कोंबलं, सायकलवर काय बसवलं, एकदा तर जिन्यावरून गडगडत सोडली. सूनबाई हसून हसून सोफ्याखाली! पोरगा उशीत तोंड खुपसून खिंकाळतोय! विहीणबाई आधी "अरे देवा, अरे देवा" करत होत्या, मग त्याही फुटल्या. निर्लज्ज मेले!

आणि मी? उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला शब्द सुचेना. ताठ बसून राहिले. सिनेमा संपला तरी गप्प. तसं सगळ्यांचं हसू थांबलं.

"आई? ए आई!" पोरगा घाबरला.

विहीणबाईंनी हळूच माझ्या नाकाखाली बोट धरलं!

"श्वास चालू आहे," त्यांनी जाहीर केलं.

सूनबाई डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, "अरे, घरात रोज इतकी शांतता असेल ना, तर मला कुठ्ठे जायचं नाही!"

आता मी काय बोलणार? तोंड उघडलं असतं तर दोघं सामान बांधायला उठली असती!

फ्लॅटवाल्याला नको म्हणून कळवलंय. म्हणजे जिंकले मीच, यात शंका नाही. पण आज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत सूनबाईने अख्खं दूध उतू घालवलं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. जबडा असा ठणकतोय म्हणून सांगू! बोलायची सोय राहिली नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.