साळेकर सरांचं पूरक

साळेकर सर बारशाला आले की पाळण्याकडे बघत नसत. थेट बाळाच्या आईला विचारत, "वहिनी, तुमच्या रक्तानं याला जिवंत सोडलं कसं?" माझ्या मुलीच्या बारशात त्यांनी हे विचारलं आणि माझ्या सासूबाईंनी घुगऱ्या टाकून आधी नातीची दृष्ट काढली.

सर भोरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. राहायला शेजारीशेजारी, त्यामुळे त्यांचं व्याख्यान मला पाठ होतं. रक्तात 'पूरक' नावाची प्रथिनं असतात. परकी पेशी दिसली की तिला भोकं पाडून मारतात. आणि मूल तर अर्धं बापाकडून आलेलं, म्हणजे "अर्धं परकं". तरी पूरक त्याच्या वाटेला जात नाही. का? इथं सर थांबत. उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा मला माझ्या एम.ए.चा नव्हता. एकदा तर अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवून त्यांनी न्हाव्याला हेच ऐकवलं. न्हावी म्हणाला, "सर, उरलेली करू का?"

एका शनिवारी हिर्डोशीची एक म्हातारी सुनेला दवाखान्यात दाखवून आमच्या ओट्यावर टेकली. एसटीला अवकाश होता. सुनेचं तिसरं मूलही पोटातच गेलं होतं.

"हिची कूसच खोटी," म्हातारी मला सांगू लागली. "आता हिला म्हायेरी धाडायची आन् लेकाचं दुसरं लगीन लावायचं."

तेवढ्यात सर बाहेर आले. मी कपाळाला हात लावला.

"आजी, पोर अर्धं कुणाचं?"

"माज्या लेकाचं."

"मग एकटीचा दोष कसा?" सर तिच्याच बोलीवर आले. "असं का व्हतं ते मोठ्या डॉक्टरांनाबी ठावं न्हाई. हिनं काय केल्यालं न्हाई."

म्हातारी ओट्यावरून पुढं सरकली. "काय केल्यालं न्हाई म्हंता?"

"न्हाई."

सुनेनं मान वर केली. निघताना म्हातारीनं तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

त्या गेल्यावर मी चेष्टेनं विचारलं, "सर, हे सगळं सिद्ध झालंय का?"

"नाही." मग म्हणाले, "माझी बायको कामथडीला असते."

मी त्यांना बिनलग्नाचे समजत होतो.

"चार पोटातच गेली. आई म्हणाली, माहेरी पोचवून ये. मी पोचवून आलो. तेव्हा पूरकाबद्दल काही वाचलं नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला. "पण 'नाही पोचवत' म्हणायला काही वाचावं लागत नाही."