बोटभर फट

हॉलच्या मधोमध जमीन वर आली होती. नळवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खिडकीतून ऊन पडत होतं तिथेच, दोन पट्ट्यांच्या सांध्यावर, पालथ्या ताटाएवढा फुगवटा. त्यांनी तो अंगठ्याने दाबला. "टक" असा आवाज होऊन तो खाली गेला आणि अंगठा काढताच पुन्हा वर आला. खाली कोणीतरी कूस बदलल्यासारखा. नळवाले दोन पावलं मागे सरले.

जमीन बसवून नववाच दिवस होता, आणि रविवारी मुलगी येणार होती.

चाळीस वर्षं लोकांचे नळ बसवले म्हणून बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना नळवालेच म्हणत. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मध्यंतरी ते गुळगुळीत फरशीवर घसरून पडले आणि मनगट मोडून बसले. तेव्हा मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, पुन्हा काही झालं ना, तर मी ऐकणार नाही. सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

नळवाल्यांना त्या दिवसापासून धास्ती बसली होती. या घरात बायको सत्तावीस वर्षं वावरली होती. तिचा आवाज हल्ली मधूनमधून आठवेनासा होई, पण स्वयंपाकघराच्या दारात थोडा वेळ उभं राहिलं की परत येई. दुसऱ्याच्या घरी तो कुठे शोधायचा? हे मुलीला कसं सांगावं ते कळेना, म्हणून त्यांनी जमीन बदलायचं ठरवलं.

दुकानात त्यांनी लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिनाइलच्या पट्ट्यांचे नमुने मांडून घेतले, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि प्रत्येक नमुन्यावर पाणी ओतून, ओले मोजे घालून उभे राहिले.

"काका, रंग तरी बघा," दुकानदार म्हणाला.

"रंगावरून कोणी घसरत नाही," नळवाले म्हणाले आणि सातव्या नमुन्यावर जोरात पाय घासला. पाय सरकला नाही. तोच घेतला.

कारागीर आला. जुन्या फरशीवरच त्याने पट्ट्या एकमेकींत अडकवत नेल्या, आणि भिंतीपाशी सगळीकडे बोटभर फट सोडून वरून लाकडी पट्टी मारली.

"ही फट कशाला?"

"जमिनीला हातपाय पसरायला, काका. उन्हात वाढते ती. फटीला हात लावू नका."

नळवाल्यांनी मान डोलावली. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक फट उघडी ठेवली नाही त्याला झोप कशी यावी? फट म्हणजे गळती, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. दोन दिवस त्यांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी लाकडी पट्टी उचकटली, पाइपाच्या सांध्यांना लावायचा मसाला मळला आणि चारी भिंतींची फट ठासून बुजवली. तो मसाला सुकला की दगड होतो. पट्टी परत ठोकल्यावर त्यांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

आता हा फुगवटा. त्यांनी घाबरत कारागिराला फोन लावला.

"फट मोकळी आहे ना?" कारागिराने पहिलंच विचारलं.

"आहे की," नळवाले म्हणाले. चाळीस वर्षं कारागिरी केलेल्या माणसाने दुसऱ्या कारागिराला दुसरं काय सांगायचं?

"मग खाली पाणी असणार. तुमचाच कुठला तरी नळ गळत असेल. सोमवारी येऊन बघतो."

हे फारच लागलं. नळवाल्यांनी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि दिवसभर भिंतींना कान लावत फिरले. थेंबाचाही आवाज नव्हता. त्याने तर भीती आणखी वाढली. पाणी नाही, मग खाली आहे तरी काय?

शुक्रवारी त्यांनी बायकोचं लोखंडी कपाट आतल्या खोलीतून ढकलत आणलं. रिकामं केलं असतं तर सहज हललं असतं, पण ते रिकामं करायला त्यांचे हात धजत नव्हते. भरलेलंच तीन तास रेटलं आणि फुगवट्यावर नेऊन उभं केलं. फुगवटा बसला. हॉलच्या मधोमध कपाट का, याला काय उत्तर द्यायचं ते रविवारपर्यंत सुचेल, असा त्यांनी हिशेब केला.

शनिवारी भर दुपारी बेल वाजली. नळवाल्यांनी कडी काढून दार ओढलं. ते चार बोटं उघडलं आणि अडलं. खाली पाहतात तो कपाटाखाली दबलेला फुगवटा सरकून दारापाशी आला होता. कारागिराचं "उन्हात वाढते ती" आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यावर उभं राहावं तर दार अंगावर येई, बाजूला व्हावं तर फुगवटा डोकं वर काढी.

"बाबा, मी आहे," बाहेरून मुलगी म्हणाली.

नळवाल्यांनी फुगवटा पायाने दाबून धरला. "तू तर उद्या येणार होतीस."

"आज आले. दार उघडा."

"संध्याकाळी ये ना. उन्हं उतरली की."

"दोन बॅगा घेऊन जिन्यात उभी आहे मी. संध्याकाळी काय?"

समोरच्या मावशींनी दार उघडलं. "पडले बिडले की काय गं? काल नुसता ढकलाढकलीचा आवाज येत होता."

"मी उभा आहे, मावशी," नळवाले फटीतून ओरडले. "व्यवस्थित उभा आहे."

"मग आत का घेत नाही पोरीला?"

नळवाल्यांनी दाराला हिसका दिला, पण ते हललं नाही.  मग बाहेरून मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "कोणीतरी सांगितलं वाटतं तुम्हाला."

"काय?"

"माझी नोकरी गेली ते. दोन महिने झाले. खोलीही सोडली. इथे राहायला आलेय मी, बाबा. रस्ताभर भीती वाटत होती, तुम्ही काय म्हणाल. पण दारच उघडणार नाही असं नव्हतं वाटलं."

नळवाल्यांनी फटीला तोंड लावलं. "अगं, मी उघडत नाही असं नाही. ते उघडत नाही. मी फट बुजवली."

"कसली फट?"

त्यांनी सगळं सांगितलं. ओले मोजे, मसाला, व्हॉल्व्ह, कपाट, काही लपवलं नाही. मुलीने बाहेरूनच कारागिराला फोन लावला. त्याचं बोलणं मोठ्याने ऐकू येत होतं.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "चौकटीजवळचा मसाला फोडायला सांगा. जमीन आपोआप बसेल."

नळवाल्यांनी छिन्नी घेतली. आयुष्यात इतका पक्का सांधा त्यांनी कधी भरला नव्हता. दीड तास लागला. तोवर मुलगी बॅगेवर बसून साहेबाबद्दल, खोलीच्या मालकिणीबद्दल, रोज एकटीने जेवण्याबद्दल सांगत राहिली, आणि नळवाले घाव घालायचे थांबून "हं" म्हणत राहिले. मावशींनी दोनदा चहा दिला, एकदा तिला आणि एकदा फटीतून त्यांना, कप आडवा करून, म्हणजे अर्धाच.

शेवटी मसाल्याचा मोठा तुकडा निघाला, जमीन खाली बसली आणि दार उघडलं.

मुलीने दारातूनच पाहिलं. हॉलच्या मध्यभागी कपाट, उचकटलेली पट्टी, ढीगभर चुरा, आणि त्यात बसलेले वडील, केसांपर्यंत पांढरे.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं एकट्याचं काही खरं नाही."

"अजिबात नाही," नळवाले म्हणाले, आणि तिचा विचार बदलायच्या आत दोन्ही बॅगा उचलून आत घेऊन गेले.