राक्षस-शोध उपसमिती, बालाजी घाट

अपुऱ्या गोष्टीत खोड काढणं हे कर्तव्य आणि पुऱ्या झालेल्या गोष्टीत खोड काढणं हा उद्धटपणा, असं सर्व सुसंस्कृत समाज मानतात. म्हणूनच सुसंस्कृत समाजांत फारशा गोष्टी पुऱ्या होत नाहीत. काशीतल्या आमच्या महाराष्ट्रीय मंडळाची घटना १९३१ पासून मसुद्यातच आहे. ती मंजूर झाली तर दर रविवारी जमून करायचं काय, असा प्रश्न आमच्या वाडवडिलांना पडला होता आणि तो त्यांनी योग्य प्रकारे सोडवला.

अशा समाजात देवव्रतने १९९७ च्या माघात एक पत्रक लावलं. हा मुलगा चोवीस वर्षांचा, गणितात एम.एस्सी. आईवडील रेल्वेच्या नोकरीमुळे इटारसीला, म्हणून दहावीपासून तो बालाजी घाटावर आपल्या आत्याकडे राहतो. पत्रकात लिहिलं होतं: "मी कॉम्प्युटरवर एक भीतिदायक खेळ करत आहे. नाव 'गलीतला राक्षस'. खेळ अजून अपुरा आहे. सभासदांनी तो आधीच खेळून पाहावा आणि चुका लेखी कळवाव्यात."

काशीच्या माणसाला असं निमंत्रण लेखी देऊ नये. तोंडी दिलं तरी तो तीन पिढ्या विसरत नाही.

मंडळाकडे एक कॉम्प्युटर होता. तो सभासदांची यादी छापण्यासाठी घेतला होता आणि यादीबद्दल एकमत होईपर्यंत त्याच्यावर क्रोशाचं आवरण होतं. ते काढण्याचा ठराव झाला. पाठोपाठ राक्षस-शोध उपसमिती नेमली गेली. अध्यक्ष प्रभावतीबाई, म्हणजे देवव्रतची आत्याच. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकदा सूर्याला गुण कमी दिले होते, तो गोल नव्हता म्हणून. धर्मविषयक सल्लागार वेणीमाधवशास्त्री. चिटणीस मी. मी बँकेत आहे आणि माझं अक्षर बरं आहे. एवढ्यावर मी आयुष्यात सतरा समित्यांचा चिटणीस झालो आहे.

खेळ समजायला सोपा होता. पडद्यावर आपल्याच गल्ल्या, पायऱ्या आणि शेवटी एक दगडी हवेली. हातात टॉर्च आणि त्रिशूळ. कुठेतरी राक्षस आहे, तो शोधायचा आणि मारायचा. जवळ आलो की त्याचा श्वास ऐकू येतो: आधी एक लांब ओढ, मग शिट्टी, मग काहीतरी उकळल्यासारखं. अकरा ते एक वीज जात असल्यामुळे शिकारीची वेळ दुपारी एक ते चार ठरली. राक्षसांसाठी ही वेळ गैरसोयीची असली तरी उपसमितीच्या चहाला ती सोयीची होती.

पहिल्या महिन्यात एकेचाळीस सभासदांनी शिकार केली. पैकी एकोणतीस श्वास ऐकून खुर्चीवरून उठले ते परत बसले नाहीत. सातजणांची वीज तरीही गेली (त्यांतल्या पाचांना तो राक्षसाचाच प्रताप वाटला). तिघं एका सांडामागे अडकले. एक गृहस्थ झोपले. आणि वेणीमाधवशास्त्री घाटाच्या चौथ्या पायरीतून आरपार खाली पडले.

सांड ही देवव्रतच्या मते चूक होती. तो गल्लीत आडवा यायचा आणि काही केल्या हलायचा नाही. उपसमितीने दीड तास चर्चा करून नोंद केली की, सदर सांड ही त्रुटी नसून वस्तुस्थिती आहे. खेळणाऱ्याने दुसऱ्या गलीने जावं.

शास्त्रीबुवांचं प्रकरण नाजूक होतं. पायरी खालून पोकळ राहिली होती, त्यामुळे ते काळ्या पडद्यात खाली खाली जात राहिले. देवव्रत धावत आला. "काका, सॉरी, बंद करून फिरसे चालू करतो."

"हात लावू नकोस," शास्त्री म्हणाले. "ना रूप, ना रंग, ना वर, ना खाली. चाळीस वर्षं मी हे लोकांना नुसतं तोंडी सांगत आलो."

ते वीज जाईपर्यंत पडत होते. चौथी पायरी दुरुस्त करू नये असा त्यांचा लेखी आग्रह आहे.

राक्षसाबद्दलचे अहवाल तर दप्तरात जपून ठेवण्याजोगे आहेत. पळालेल्या एकोणतिसांपैकी बावीसजणांनी तो प्रत्यक्ष पाहिला होता. कुणी म्हणालं दहा हात, कुणी म्हणालं एकही नाही. तेजश्रीबाईंना तो स्वेटर घातलेला दिसला. एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी फक्त "ओळखीचा वाटला" एवढंच लिहून खाली सही केली.

असं सगळं सुरळीत चाललं असताना चैत्रात पुण्याहून पत्र आलं. तिथल्या एका कंपनीने देवव्रतला लिहिलं होतं: एकतीस मेपर्यंत पूर्ण झालेला खेळ घेऊन या, पसंत पडला तर नोकरी. आला नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ. इकडे वडिलांनी इटारसीत एका कचेरीत शब्द टाकूनच ठेवला होता. मंडळात पेढे वाटले गेले. अध्यक्षांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात बांधला.

त्यानंतर उपसमितीच्या कामाला जो वेग आला, तो मी सतरा समित्यांत पाहिला नव्हता. मार्चअखेर एकंदर साठ त्रुटी होत्या. एप्रिलअखेर एकशे तीस. वीस मे रोजी दोनशे बारा. शेवटच्या दीडशेच्या वर एकट्या अध्यक्षांच्या हस्ताक्षरात होत्या. त्रुटी क्रमांक ९८: हवेलीच्या कमानीचा डावा खांब उजव्यापेक्षा मनाने खचलेला वाटतो. क्रमांक १४१: टॉर्चचा उजेड पिवळा आहे, पण पुरेसा मायेचा नाही. क्रमांक १७७: राक्षसाच्या वावरात अजून परिपक्वता नाही, घाई करू नये. देवव्रत रोज सकाळी दोन त्रुटी दुरुस्त करायचा आणि दुपारी आत्या तीन नव्या द्यायच्या. गणितात एम.एस्सी. असूनही हे कुठे जातंय ते त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही; मी क्रमांक घालण्यात गुंतलो होतो.

बावीस मेच्या सभेत तो उभा राहिला. चेहरा उतरलेला. "मला एक सांगायचंय. राक्षस नाहीये."

"नाहीये म्हणजे?" मी इतिवृत्ताची लेखणी उचलली.

"बनवलाच नाही. मला चित्र काढता येत नाही, काका. चार वेळा काढला, चारही वेळा भिजलेली बकरी झाली. म्हणून नुसता आवाज टाकला. वाटलं, आज करू, कल करू..."

"खोटं!" शास्त्री कडाडले. "मी त्याचा श्वास ऐकलाय. या कानांनी. तो काय बकरीचा होता?"

देवव्रतने मान खाली घातली. "तो तुमचा होता. गेल्या वर्षी होळीनंतर दुपारी तुम्ही आमच्या ओसरीवर झोपला होतात, तेव्हा टेप केला."

यावर शास्त्रीबुवांनी फक्त एवढंच विचारलं की एवढा मोठा येतो का, आणि घरी हे कुणी ऐकलंय का.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की आश्चर्य सगळ्यांना वाटलंय, अध्यक्षांना नाही. त्या पेनात शाई भरत होत्या.

"आत्या," देवव्रत हळू म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवसापासून." प्रभावतीबाईंनी पिशवीतून जुनं कॅलेंडर काढून उलटं पसरलं. मागच्या बाजूला खेळातली प्रत्येक गल्ली, प्रत्येक खोली पट्टीने आखलेली होती आणि प्रत्येक खोलीवर बारीक फुली होती. "मी सगळीकडे जाऊन आले. कुणी नाही. बिचारी एवढी मोठी हवेली, आत चिटपाखरू नाही."

"मग लिहिलं का नाहीस? दीडशे चुका लिहिल्यास, आणि ही एक..."

"ही लिहिली असती तर तू म्हणाला असतास, आत्या, तूच काढून दे. मी दिला असता काढून. चौतीस वर्षं तेच केलंय." त्यांनी टोपण लावलं. "आणि मग?"

शास्त्रीबुवा म्हणाले, पुणं काय पळून जातंय. पण ते कुणाला उद्देशून म्हणाले हे स्पष्ट नसल्यामुळे मी लिहिलं नाही. देवव्रत कॅलेंडरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुणं तर गेलंच. मी इटारसीलाही जात नाही. इथेच क्लास काढतो. लोक कॉम्प्युटर शिकतातच ना आजकाल."

खरं तर बाईंना हवं होतं ते आयतं मिळालं होतं. समिती विसर्जित करून आम्ही चहा प्यायला मोकळे होतो. पण बाईंनी भाच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिरकी रेघ ओढलेल्या विद्यार्थिनीकडे पाहत असतील तसंच.

"आलेखाचे कागद आहेत का घरात?" त्यांनी विचारलं. "चौकोन किती लागतात तुझ्या राक्षसाला?"

"चौसष्ट बाय चौसष्ट."

"बारीक चौकोनांचे आण. आणि रबर चांगला आण, मागच्या खेपेचा काळं करतो."

तीन दुपारी त्या मंडळाच्या खिडकीपाशी बसून चौकोन भरत होत्या. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी देवव्रतने ते चौकोन कॉम्प्युटरमध्ये उतरवले आणि उपसमितीने रीतसर शिकार केली. पहिला मान शास्त्रींचा. हवेलीच्या शेवटच्या खोलीत दिवा लावून कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. शास्त्री जवळ गेले. त्याने वळून पाहिलं. दात नव्हते, शिंगं नव्हती, रक्तही कुठे नव्हतं. आपण आलो याचा आनंद त्या चेहऱ्यावर होता. बस.

शास्त्रींनी त्रिशूळ खाली ठेवला. "हा अंगावर येत नाही," ते घाम पुसत म्हणाले. "हा वाट बघत बसलाय. अरे, याच्यापेक्षा दहा तोंडांचा परवडला."

त्या दिवशी एकेचाळीस सभासदांनी राक्षस गाठला. एकानेही तो मारला नाही. मी त्रुटी क्रमांक २१३ घातला: राक्षस मारवत नाही. अध्यक्षांनी तो स्वतःच्या हाताने खोडला, खाली 'खेळ पूर्ण आहे' असं लिहिलं आणि सही केली. सही नेहमीसारखी सरळ रेषेत आली नाही, पण त्याबद्दल गुण कमी करायला तिथे दुसरं कुणी पात्र नव्हतं.

एकोणतीस मेला आम्ही सगळे कँट स्टेशनवर होतो. बाईंनी लाडू दिले, मफलर दिला (मे महिना होता), खिडकीचा गज धरला आणि गाडीने शिट्टी दिल्यावर सोडला.

नोकरी मिळाली. कंपनीच्या साहेबांनी खेळ खेळून पाहिला म्हणे, उठून बाहेर जाऊन आपल्या आईला फोन लावला आणि परत येऊन देवव्रतला एका साखर कारखान्याच्या हजेरीच्या प्रोग्रामवर नेमलं. खेळ बाजारात आला नाही. देवव्रत मात्र दर महिन्याला आत्याला एक फ्लॉपी पाठवतो: नवी गल्ली, नवी खोली. त्यात मुद्दाम आठ-दहा चुका ठेवलेल्या असतात, हे मला कळतं, कारण कमानी आता उघड उघड वाकड्या असतात. बाईंनाही कळतं. त्या अंतर्देशीय पत्रावर चुका लिहून पाठवतात आणि दोन-तीन मुद्दाम सोडतात. प्रकृती उत्तम आहे. एसटीडीवर मोठ्याने बोलतात.

आपण हे सगळं बाईंना हसत वाचलंत, याबद्दल उपसमितीची हरकत नाही, आम्हीही हसलो. आपल्या घरातल्या मुलीला, धाकट्या दिराला किंवा सुनेला आपण गेली चार वर्षं "थोडी तयारी होऊ दे, मग खुशाल जा" असं सांगत आहात, त्यात अर्थातच निव्वळ काळजी आहे. बाईंनी निदान आपल्या हाताने राक्षस काढून दिला. आपण दिवा लावून, आनंदी चेहऱ्याने, दाराकडे बघत बसला आहात.