बफरमध्ये अडकलेलं वाक्य

कंपायलर बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत अकरा माणसं होती. त्यातल्या दहांचं काम डोक्याचं होतं, असं त्या दहांचं मत होतं. अकरावा म्हणजे छापखाना. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हाक मारायला ते कुणी वापरत नसे.

कंपायलर म्हणजे माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचून ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा आणि उतरवता उतरवता त्यातल्या चुका काढणारा प्रोग्रॅम. चुका शोधायचा भाग त्या दहांतल्या पंडितनं लिहिला होता. सापडलेली चूक पडद्यावर उमटवायचा भाग छापखान्याचा. एकेक अक्षर गोळा करायचं, ओळ लांबली तर शब्द न तोडता मोडायची, चुकलेल्या जागेच्या बरोबर खाली एक छोटा बाण काढायचा. "टाइपरायटरचं काम रे ते," असं पंडित म्हणायचा. छापखान्यानं मात्र दोन वर्षं खपून एकेक संदेश घासूनपुसून लख्ख केला होता. ‘इथे कंस उघडलात, पण मिटवलाच नाहीत,’ असं त्याचा कंपायलर अदबीनं सांगे. हे संदेश कुणी वाचत नाही, हेच त्याचं दुःख होतं. साहेब तर थेट तळाचा ‘एकूण चुका: तीन’ एवढा आकडा पाहायचे आणि पडद्यावरची खिडकी बंद करायचे.

दोन वर्षं तो कंत्राटावर होता. त्या दिवशी अकरा वाजता एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून पाहुण्या बाई कंपायलर पाहायला येणार होत्या. साहेबांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "हे नीट पार पडलं तर दुपारी तुझं कायम झाल्याचं पत्र. नाहीतर..." नाहीतरच्या पुढं बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

सकाळी पावणेदहाला पंडित खुर्चीवरून उठला आणि त्यानं अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशी टाळी वाजवली.

"एकही चूक नाही! सातशे ओळींचा प्रोग्रॅम, पहिल्याच फटक्यात साफ. या रे, बघून घ्या."

सगळे बघायला गेले. पडदा कोरा होता. पंडितनं कौतुकापोटी स्वतःच्याच खर्चानं बिस्किटं मागवली. छापखान्यानं एक बिस्किट उचललं आणि ते तोंडापर्यंत जायच्या आत त्याचा हात थांबला. पंडितच्या प्रोग्रॅममध्ये एकही चूक नाही? सूर्य इकडचा तिकडे उगवेल. त्यात पडद्यावर ‘एकूण चुका: शून्य’ ही ओळसुद्धा नव्हती. ती तर नेहमी येतेच. छापखान्यानंच ती लिहिली होती.

मग त्याला आठवलं आणि त्यानं बिस्किट परत ठेवून दिलं.

अक्षरं एकेक करून पडद्यावर पाठवली तर फार वेळ जातो. म्हणून ती आधी बफरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या एका तात्पुरत्या कप्प्यात, साठवायची. हजार अक्षरं साठली की बफर आपोआप रिकामा होतो. आणि एखाद्याचं काम संपलं की, भरलेला असो वा नसो, तो मुद्दाम रिकामा करायचा. काल संध्याकाळी छापखान्याला पाहायचं होतं की काठोकाठ भरल्यावर बफर नीट ओततो का. त्यासाठी त्यानं ‘काम संपलं की रिकामा कर’ ही ओळ तात्पुरती बंद केली होती. तात्पुरती! सगळं छान चाललं, तो खूश झाला आणि शीळ घालत घरी गेला. ओळ बंदच राहिली. आणि कंपायलर तर सगळ्यांसाठी मिळून एकाच यंत्रावर अखंड चालू असायचा. म्हणजे पंडितच्या चुका छापल्या गेल्या होत्या, पण बफरमध्ये. पुढच्या कुणाच्या तरी अंगावर सांडायची वाट पाहत त्या तिथं बसल्या होत्या.

पण खरी भीती पंडितच्या चुकांची नव्हती. त्यांच्याही आधी बफरमध्ये कालच्या चाचणीचं, ओतून झाल्यावर मागे उरलेलं वाक्य बसलेलं होतं. ओळ कशी मोडते ते पाहायला लांबलचक वाक्य लागतं. दुसरा कुणी असता तर त्यानं ‘अ आ इ ई’ लिहिलं असतं. छापखान्यानं मनातलं लिहिलं होतं:

‘साहेब, हा संदेश तुम्ही वाचणार नाही, कारण तुम्ही कुठलाच संदेश शेवटपर्यंत वाचत नाही, आणि तो जांभळा सदरा तेवढा घालू नका, बघून डोळे दुखतात.’

त्यानं बोटांवर हिशेब केला. वाक्याची दीडशे अक्षरं, पंडितच्या चुकांची अंदाजे साडेतीनशे. पाचशे झाली, पाचशे उरली. आपणच पाचशे अक्षरांच्या चुका केल्या की सगळं आपल्याच पडद्यावर सांडेल, ओळ पुन्हा चालू करता येईल आणि कुणाला पत्ता लागणार नाही. तो जागेवर धावला आणि मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम लिहायला बसला. पण जन्मभर नीटनेटकं लिहिलेल्या माणसाला मुद्दाम चुकायचं म्हटलं तर हात धजत नाही. एक कंस उघडा टाकला आणि सवयीनं त्यानं तो मिटवला. पुन्हा उघडला. कशाबशा सहा चुका जमवून त्यानं बटण दाबलं, तेव्हा दहाला एक मिनिट झालं होतं. पडद्यावर आलं: ‘प्रवेश बंद.’

तो तडक सिस्टिमवाल्या बाईंकडे गेला. ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची राखण बाईंकडे होती आणि त्या कुणाच्या बापाला भीत नसत.

"बाई, दोनच मिनिटं यंत्र उघडून द्या ना."

"नाही. दहा वाजल्यापासून फक्त मीटिंगच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू. साहेबांचा हुकूम आहे."

"एकच ओळ बदलायची आहे हो."

"मागच्या वेळीही एकच ओळ होती," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि मग पाहुण्यांसमोर सगळी अक्षरं उलटी आली. साहेबांची चिठ्ठी आण, लगेच उघडते."

चिठ्ठी मागायला तो साहेबांच्या दारात गेला. साहेब आरशासमोर सदऱ्याची कॉलर नीट करत होते. सदरा जांभळा होता.

"काय रे?"

"साहेब, एक ओळ बदलायची होती. चिठ्ठी हवी होती."

"कसली ओळ?"

छापखान्यानं सदऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "काही नाही साहेब. राहू दे."

परत येताना त्याच्या दुसरंच ध्यानात आलं. पाहुण्यांना दाखवायच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम तीन चुका ठेवल्या होत्या. त्यांची होणार तीनशे अक्षरं. पाचशे आणि तीनशे मिळून आठशे. म्हणजे बफर भरणारच नाही आणि भिंतीवरचा मोठा पडदा कोरा राहील. संदेशच आले नाहीत तर संदेशवाल्याला कायम कोण करणार? आणि बफर भरलाच, तर सगळ्यात आधी ते वाक्य येणार. इकडे आड, तिकडे विहीर.

अकराच्या ठोक्याला पाहुण्या बाई आल्या. उतारवयाच्या, बारीक चणीच्या, खांद्याला कापडी पिशवी. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली होती, असं साहेबांनी आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. साहेब कीबोर्डाशी बसले. पंडित शेजारी छाती काढून उभा राहिला. सिस्टिमवाल्या बाई दाराशी पहारा देत होत्या.

"साहेब, मी चालवू का?" छापखान्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"तू बस," साहेब गोड हसून म्हणाले. त्यातल्या गोडीचा अर्थ सगळ्यांना कळला.

साहेबांनी बटण दाबलं. भिंत कोरीच राहिली.

"हं," साहेब म्हणाले. "जरा वेळ घेतोय."

पंडितनं मान पुढं काढून भिंतीकडे पाहिलं.

"चुका नसतील," पंडितनं सुचवलं. "माझ्या प्रोग्रॅमलाही सकाळी असंच कोरं आलं होतं."

"अरे, मुद्दाम ठेवल्यात त्या!" साहेब दातओठ खात पुटपुटले आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

आठशे आणि तीनशे म्हणजे अकराशे, एवढा हिशेब छापखान्याचा होतो न होतो तोच बफर भरला. हजार अक्षरं धाडकन भिंतीवर आली. सगळ्यात वर, मुठीएवढ्या अक्षरांत, ‘साहेब, हा संदेश तुम्ही वाचणार नाही...’ शब्द एकही तुटला नव्हता. ओळ ‘शेवटपर्यंत’नंतर अगदी सुबक मोडली होती. छापखान्यानं डोळे मिटले आणि मनातल्या मनात आपल्या टेबलाचा खण आवरायला घेतला.

"हे वरचं कालच्या चाचणीतलं उरलेलं दिसतंय," साहेबांचा आवाज आला. "ते सोडा. आपण खाली बघू."

छापखान्यानं एक डोळा उघडला. साहेब खरंच खाली बघत होते. खाली पंडितच्या फाइलीचं नाव आणि त्याच्या चुका ओळीनं उभ्या होत्या.

"हे माझं नाही," पंडित घाईघाईनं म्हणाला.

"फाइल तर तुमचीच आहे," सिस्टिमवाल्या बाई दारातून म्हणाल्या. "बिस्किटं छान होती हो."

पाहुण्या बाईंनी पिशवीतून चष्मा काढला, भिंतीजवळ गेल्या आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथला संदेश अर्ध्यातच तुटला होता. हजार अक्षरं संपली होती ना. "बफर रिकामा करायची ओळ राहिली वाटतं," त्या म्हणाल्या. "मीही विसरले होते एकदा." मग त्यांनी वरचा एक संदेश मोठ्यानं वाचला. "‘इथे कंस उघडलात, पण मिटवलाच नाहीत.’ आणि खाली बाणही! हे कुणी लिहिलं?"

छापखाना उभा राहिला. शाळेत उत्तर चुकल्यावर राहायचा तसाच.

"आमच्याकडचा कंपायलर नुसता ‘चूक एकशेबारा’ म्हणतो हो. मग बसा पुस्तक चाळत." त्या साहेबांकडे वळल्या. "ती राहिलेली ओळ घाला आणि पाठवून द्या. आम्हाला हवाय."

त्यांना निरोप देऊन सगळे पांगले, तेव्हा छापखान्याचा जीव भांड्यात पडला. पडताना थोडा लागलाही. एवढ्या मोठ्या अक्षरांत, भिंतभर लिहिलेलं होतं, तरी साहेबांनी वाचलं नाही! पण आज तक्रार करायची नव्हती. त्यानं आधी सिस्टिमवाल्या बाईंना गाठून ती ओळ पुन्हा चालू केली, मग बफर रिकामा करून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि मगच त्याला मोकळा श्वास घेता आला.

दुपारी चारला साहेबांनी बोलावलं आणि पत्र पुढं केलं.

"नीट वाच आणि सही कर."

"वाचायचं काय त्यात साहेब!" छापखाना हरखून म्हणाला. ‘कायम’ हा शब्द दिसल्याबरोबर त्यानं सही ठोकली, एक प्रत खिशात घातली आणि घराकडे सुटला.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. बारीक अक्षरं वाचल्याशिवाय तिच्या हातून काहीच पुढं सरकत नसे. ती पत्र घेऊन दिव्याखाली बसली आणि तारखेपासून वाचायला लागली. छापखाना आरामात पाय लांब करून पडला होता. दोन वर्षांत एवढं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"हे खाली पेनानं काय लिहिलंय रे?"

"कुठं?"

"साहेबांच्या सहीच्या खाली. तू वाचलं नाहीस?"

"नाही. काय आहे?"

तिनं कागद दिव्याजवळ धरला. "‘मी शेवटपर्यंत वाचतो. सदरा माझ्या आईनं शिवलाय. उद्याही घालणार आहे.’"

छापखाना ताडकन उठून बसला. त्यानं पत्र घेतलं, त्या तीन वाक्यांवरून नजर फिरवली, मग वर जाऊन ‘कायम’ आहे ना तेही पाहिलं. होतं. अजून तिथंच होतं. त्याला एकदम हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, पण झालं काय? कुठला सदरा?"

"सांगतो, सगळं सांगतो," तो डोळे पुसत म्हणाला. "आधी हे ऐक. दोन वर्षांत साहेबांनी आज पहिल्यांदा माझा एक संदेश शेवटपर्यंत वाचला."