सरांची वाइफ हॅज गॉन

सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘माय वाइफ हॅज गॉन’, आणि हातांवरची खडूची पूड झटकत ते वर्गाकडे वळले.

वर्ग म्हणजे लाँड्रीच्या वरची खोली. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि वर चार प्रौढ विद्यार्थी इंग्रजी काळांशी झटत बसायचे. एक पार्लरवाली, एक टॅक्सीवाला, एक बँकेच्या दारावरचा वॉचमन आणि एक मावशी. मावशींचा मुलगा परदेशात होता आणि नातवाला आजीची भाषा येत नव्हती, म्हणून या वयात आजीनंच त्याची भाषा शिकायला घेतली होती. वर्गाचा नियम एकच होता. मातृभाषा जिन्याखाली ठेवून यायची, वर फक्त इंग्रजी.

त्या संध्याकाळी ‘हॅज गॉन’ काही केल्या कुणाच्या डोक्यात शिरेना. आधी सरांनी ‘द बस हॅज गॉन’ असं उदाहरण दिलं होतं. त्यावर टॅक्सीवाला म्हणाला, “नो प्रॉब्लेम सर, टॅक्सी कम.” तेव्हा काहीतरी मनाला भिडणारं हवं म्हणून सरांनी बायकोला फळ्यावर आणलं.

“शी वेंट,” सर हातवारे करत म्हणाले. “इन द पास्ट. बट द रिझल्ट इज नाऊ! नाऊ द हाउस इज एम्प्टी. नाऊ वन कप ऑन द टेबल. ओन्ली वन.”

एवढं बोलून सर थांबले. शिकवण्याच्या भरात बोलून गेले खरे, पण हे वाक्य त्यांनी आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. नात आता रांगायला लागली तरी ती परतली नव्हती. रोज फोन यायचा. ती विचारायची, “गॅस बंद केलात?” ते म्हणायचे, “केला.” मग ती म्हणायची, “बरं,” आणि ते म्हणायचे, “तुझं चालू दे.” की झाला फोन. सरांनी चष्मा पुसला आणि वर्ग लवकर सोडला.

जिन्यावर पाऊल पडताच मंडळींना मातृभाषा परत मिळाली.

“गॉन म्हणजे गेल्या ना?” वॉचमननं विचारलं.

“गेल्या,” पार्लरवाली म्हणाली. आता आपल्या भाषेत ‘गेली’ म्हटलं की बाई कोपऱ्यावरच्या दुकानातही जाते आणि थेट वरही जाते. पण पार्लरवालीनं सरांचे डोळे पाहिले होते. “सरांच्या मॅडम गेल्या हो!”

“तरीच सरांच्या शर्टाला इस्त्री नसते,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

पुढच्या वर्गाला सर आले तेव्हा चौघंही उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, “सर, वुई आर सॉरी.”

यांनी गृहपाठ केलेला नाही हे सरांनी ओळखलं. “इट्स ओके,” ते कोरड्या आवाजात म्हणाले. “इट हॅपन्स. बट नॉट अगेन!”

“काय काळीज आहे माणसाचं!” वॉचमन मागच्या बाकावर पुटपुटला.

तेव्हापासून सरांचे दिवस पालटले. टॅक्सीवाला त्यांना घरून वर्गावर आणि वर्गावरून घरी सोडू लागला. मावशी सूपचा डबा घेऊन यायच्या. पार्लरवालीनं दुकान बंद ठेवून त्यांचं स्वयंपाकघर घासून काढलं. वॉचमन ड्यूटी संपली की बुद्धिबळाचा पट मांडायचा आणि मुद्दाम हरायचा. बायको घरी नाही म्हणून पोरं किती करतात, या विचारानं सरांना भरून यायचं. दाराची बेल वाजायची म्हणून ते आता संध्याकाळी केसही विंचरून बसू लागले.

एकदा सरांच्या घरी मावशींनी हळूच विषय काढला. “सर, मॅडम गेल्या तेव्हा तुम्ही जवळ होतात?”

“होतो तर. स्टेशनवरच.”

“अगं बाई! स्टेशनवर?”

“घाई झाली हो फार. नीट बोलणंसुद्धा झालं नाही.”

“त्रास झाला का त्यांना?”

“तिला? छे! खुशीत गेली.” सरांनी सूपचा चमचा खाली ठेवला. “पण येईल परत. मी रोज बोलतो तिच्याशी.”

मावशींनी पार्लरवालीकडे पाहिलं. पार्लरवालीनं टॅक्सीवाल्याकडे पाहिलं. “बोलू द्या,” टॅक्सीवाला कुजबुजला. “विरोध करायचा नाही.”

जाताना मावशींनी मॅडमचा एखादा फोटो मागितला. कौतुकानं मागत असतील म्हणून सरांनी हौसेनं शोधून दिला.

त्या आठवड्यात सर वर्गात शिरले तर टेबलावर बायकोचा फोटो. चांगला मोठा करून, चौकटीत बसवलेला. पुढे पांढरी फुलं. चौघंही हात बांधून उभी. वॉचमननं टोपी काढली आणि पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली, “वुई रिमेंबर मॅडम. शी वॉज ए गुड वुमन.”

फुलांचा अर्थ लागायच्या आधी सरांना चूक ऐकू आली. “नॉट ‘वॉज’!” ते सवयीनं ओरडले. “‘इज’! शी इज ए गुड वुमन!”

मावशींना हुंदकाच फुटला. पार्लरवालीही रडू लागली. टॅक्सीवाल्यानं पुढे होऊन सरांना खुर्चीत बसवलं. आणि खुर्चीत बसल्यावर, त्या फुलांकडे बघता बघता, सरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की उद्या बेल वाजणार नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. पुन्हा ते, ती खोली आणि भिंतीपलीकडचा शेजाऱ्यांचा टीव्ही. सर म्हणाले, “थँक यू,” आणि मान खाली घालून बसले. मंडळींना वाटलं, चला, अखेर मान्य केलं.

त्यानंतर सरांना सूप गोड लागेना. रोज ते ठरवायचे, आज सांगतो. रोज बेल वाजायची आणि ते दार उघडायचे.

अशाच एका संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मावशी आणि पार्लरवाली स्वयंपाकघरात होत्या आणि बुद्धिबळात सरांचा उंट अडकला होता. म्हणून दार वॉचमननं उघडलं. बाहेर चौकटीतल्या मॅडम उभ्या. हातात बॅग.

आयुष्य दारावर काढलेला माणूस तो. पांढराफटक पडूनही त्यानं विचारलं, “क... कोण हवंय आपल्याला?”

“माझं घर हवंय,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही कोण?”

आतून हातात पळी घेऊन आलेल्या मावशी किंचाळल्या, “मॅडम! अहो, तुम्ही तर गेल्या होतात!”

“हो. मुलीकडे.”

आत सूप उतू गेलं. मग सरांनी उभं राहून सगळं सांगितलं. फळ्यापासून फुलांपर्यंत.

“मी दुकान बंद ठेवलं तुमच्यासाठी!” पार्लरवाली भडकली. “आणि तुम्हाला माहीत होतं?”

“शेवटी शेवटी कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही यायचं बंद केलं असतं,” सर म्हणाले.

मॅडम बॅग टेकवून खुर्चीवर बसल्या. “यांना धरून ठेवायला मला मारलंत,” त्या म्हणाल्या. “पण मला एकदा ‘ये’ म्हणवलं नाही तुम्हाला, अहो?”

“तू मजेत होतीस तिकडे.”

“मजेत कसली! सगळी कामावर जातात. बाळ झोपलं की मी भिंतीकडे बघत बसायची. रोज फोन करायची, म्हटलं, आज म्हणतील. तुम्ही आपले ‘चालू दे, चालू दे’. शेवटी म्हटलं, बिनबोलावलंच जाऊ.” त्यांनी पदर नीट केला आणि मावशींकडे वळल्या. “फोटो कुठला लावला होतात?”

वॉचमननं मोबाइलवर दाखवला.

“हा? यात माझे डोळे अर्धे मिटलेत. मेलेलीच दिसत्येय मी!”

पहिलं हसू पार्लरवालीचं फुटलं.

पुढच्या वर्गाला सर वेळेवर पोचले. फळा पुसला, ‘फ्यूचर टेन्स’ असं लिहिलं आणि वाट पाहत बसले. कुणीच येईना. राग गेला नसणार, त्यांनी मनाशी म्हटलं. रिकाम्या बाकांकडे बराच वेळ बघून ते खाली उतरले. लाँड्रीवाला इस्त्री थांबवून म्हणाला, “सर, तुमचा वर्ग तर मघाशीच गेला. तुमच्याच घरी.”

सर चालत घरी आले. दारातच चपला-बुटांची गर्दी होती. आतून बायकोचा आवाज येत होता. स्वतः मेली कशी, हे ती रंगवून रंगवून सांगत होती, तेही चक्क मातृभाषेत, आणि मंडळी पोट धरून हसत होती. सर उंबऱ्यात उभे राहिले. कुणी वळूनही पाहिलं नाही.

“आलात?” अखेर बायकोचं लक्ष गेलं. “सरका रे जरा, सरांना जागा द्या.”

मावशी इकडे सरकल्या, टॅक्सीवाला तिकडे. मधल्या फटीत सर जेमतेम टेकले. एकच बाजू टेकली, दुसरी हवेतच राहिली. पण तसेच अवघडून बसत, पुढे काय झालं ते पुरतं ठाऊक असूनही, त्यांनी विचारलं, “बरं, मग?”