अर्ध्या बर्फावरचं गाव

जव्हारहून साखरशेत किती लांब आहे, असं आमच्या गावात कुणालाही विचारा. कुणी किलोमीटर सांगेल, कुणी जीपला लागणारा वेळ सांगेल. आमच्या शेजारच्या पागधरे सिस्टरना विचारलंत, तर त्या क्षणभर डोळे मिटतात आणि सांगतात, "पाव बर्फ."

आणि वांगणी?

"पाऊण. मधल्या ओढ्याला पाणी असेल तर अख्खा."

हा बर्फ म्हणजे लशीच्या डब्यातला. सिस्टरनी तीस वर्षं जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत पोरांना सुया टोचल्या. सकाळी आरोग्य केंद्रातून निळा डबा उचलायचा, त्यात कडेनं बर्फाच्या पट्ट्या, मधोमध लशीच्या इवल्याशा बाटल्या. डब्याचा पट्टा खांद्याला अडकवायचा आणि चालू पडायचं. बर्फ वितळायच्या आत पाडा गाठायचा, पोरं पकडायची, टोचायची, परत फिरायचं. वरचे साहेब सांगायचे, बाई, एवढी घाई नको, हा डबा रात्रभरसुद्धा थंड राहतो. सिस्टरचा साहेबांवर विश्वास होता, डब्यावर नव्हता.

निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. डबा सरकारजमा झाला, पण सिस्टरच्या डोक्यातला बर्फ अजून वितळतोच आहे. माझी बायको कुंपणावरून चहाला हाक मारते, तर या अंगणातूनच हात हलवतात. "नको हो, वितळतंय!" काय वितळतंय, हे विचारायचं आम्ही केव्हाच सोडून दिलंय. लग्नाला येतात, अक्षता टाकतात, नवरा-नवरीच्या डाव्या दंडाकडे एक नजर टाकतात आणि पंगत बसायच्या आत पसार होतात.

डावा दंड हे सिस्टरचं दुसरं वेड. लहानपणी टोचलेल्या सुईचा वण तिथं राहतो, आणि आपली सुई कुठली आणि दुसऱ्याची कुठली हे आपल्याला वणावरून कळतं, असा त्यांचा दावा आहे. भर बाजारात मिशा फुटलेल्या गड्याला थांबवतात. "दंड दाखव." तो मुकाट बाही वर करतो. "हं, माझी." किंवा, "ही माझी नाही. ही कुणीतरी घाईत मारलीय." जीपवाले तर त्यांना येताना पाहूनच बाही सरकवतात. एकदा साताऱ्याहून बदलून आलेल्या तलाठ्यालाही त्यांनी सोडलं नाही. "बरी आहे," म्हणाल्या. साताऱ्याची अब्रू वाचली.

तर अशा या बाई गेली तीन वर्षं गाइड आहेत. ठाण्याची एक मंडळी शहरातल्या लोकांना पाठीवर बोजा देऊन चार-चार दिवस डोंगरांतून चालवते, आणि लोक हौसेनं चालतात. दिवाळीच्या आधी त्यांची एक तुकडी आमच्याकडे येते. साखरशेतच्या बाजूनं आत शिरायचं, वावर-वांगणीकडून मोठा फेरा घ्यायचा आणि चौथ्या दिवशी पोशेऱ्याला डांबरी रस्त्यावर यायचं. वाट दाखवणार पागधरे सिस्टर.

यंदा गणपती झाल्यावर त्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आल्या. आत आल्या नाहीत, पायरीवरच उभ्या राहिल्या.

"मुकुंदभाऊ, ह्या खेपेला तुम्ही आमच्याबरोबर यायचं."

खुर्चीतून उठून मशीनपर्यंत जाणं हा माझा दिवसाचा व्यायाम. मी घाबरून विचारलं, "मी? मी कशाला?"

"तुम्ही जाडे आहात."

मग त्यांनी खुलासा केला. गेल्या वर्षीच्या लोकांनी तक्रार केली होती की बाई पळवतात. फोटो काढू देत नाहीत, कुठं बसू देत नाहीत. एकानं तर लिहिलं होतं की चारही दिवस आपल्या मागे पोलीस लागल्यासारखं वाटलं. म्हणून यंदा त्या मंडळींचा माणूस स्वतः चालणार होता, आणि सिस्टरना ठेवायचं की दुसरा गाइड बघायचा, हे तो ठरवणार होता.

"तुम्ही सगळ्यांत पुढं चालायचं. मी तुमच्या मागं. तुम्हाला ओलांडायचं नाही, असं मी मनाशी ठरवलंय."

"म्हणजे मी ब्रेक!"

"हो." मग पायरीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "हे काम गेलं तर माझं पाड्यांवर जाणं बंद होईल, भाऊ."

हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी हो म्हणून बसलो. घरी बायको इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

पहिल्या दिवशी सकाळी मंडळी जमली. मुलुंडचं एक जोडपं, बँकेतल्या दोघी मैत्रिणी, आणि तो तपासनीस, केतन. तिशीचा, सडपातळ, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. सिस्टरनी सगळ्यांचे दंड बघितले. केतनच्या दंडावर वण सापडेना, तर त्या इतक्या गंभीर झाल्या की मला वाटलं, याला आता इथूनच आरोग्य केंद्रात नेतात. "काहींचा राहत नाही," असं स्वतःशीच पुटपुटून त्यांनी त्याला पास केलं.

मी पुढे, त्या मागे. पहिला अर्धा तास त्यांनी शब्द पाळला. माझ्या मानेवर त्यांचा श्वास लागत होता. मग चढ आला. मी फुटबॉलसारखा फुगलो, थांबलो, कमरेवर हात ठेवून वळून बघितलं, तर मागे सिस्टर नव्हत्या. त्या वर होत्या. कुठून गेल्या, कधी गेल्या, कुणाला कळलं नाही. साठी ओलांडलेली बाई, पाठीवर आमच्याएवढाच बोजा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि टेकाडाच्या माथ्यावरून आम्हाला हात करतायत. "चला, चला! वितळतंय!"

केतननं वहीत काहीतरी लिहिलं.

दुसरा दिवस मात्र मी विसरणार नाही. पहाटे पहाटे आम्ही वांगणीच्या अलीकडच्या एका कड्यावर पोचलो. खाली दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली. सूर्य वर आला तसं धुकं विरत गेलं आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. पिवळं झालेलं भात, उतारांवर लालसर नाचणी, मध्ये चार-चार घरांचे पाडे, आणि घराघरांतून चुलीचा धूर. मी जव्हारात जन्मलो, पन्नाशीला आलो, आणि माझ्या घरापासून एका दिवसाच्या चालीवर हे असं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मला खरोखर लाज वाटली. मुलुंडच्या बाई तर रडायलाच लागल्या, आणि का रडतोय ते त्यांनाही सांगता येईना.

सिस्टर धुराकडे बोट दाखवत होत्या. "ते उंबराजवळचं घर, तिथं जुळी. दोन्ही जगली. त्याच्या खालचं, तिथला पोरगा मला बघून झाडावर चढायचा. झाडावरच टोचला त्याला, मी फांदीवर बसून. आता भिवंडीला गोदामात आहे. त्या पलीकडं, ओढ्याजवळ, ती मुलगी सातव्या महिन्यातच झालेली. हातात धरली तर एवढीशी..." त्यांनी ओंजळ करून दाखवली. "आता तिचीच पोरगी शाळेत जाते."

असं करत त्यांनी अख्खी दरी सांगितली. एकही धूर सोडला नाही. आम्ही ज्याला देखावा म्हणून बघत होतो, ती त्यांच्या लेखी माणसांनी भरलेली होती, आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांनी एकदा तरी रडवलेलं होतं. केतन वही उघडून बसला होता, पण त्याचं पेन हलत नव्हतं.

हे सगळं खरं. पण पाड्यावर गेलो की सिस्टर कुंपणाच्या आत पाऊल टाकत नसत. बाहेरूनच हाक द्यायची, तब्येती विचारायच्या, पोरांचे दंड बघायचे. घरातून कुणी पाण्याचा तांब्या आणला, खाट टाकली, की यांचं सुरू, "नको गं, वितळतंय." आम्हाला मात्र आत बसवायच्या, चहा पाजायच्या, आणि स्वतः बाहेर उन्हात उभ्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचा मुक्काम एका शाळेच्या ओसरीवर पडला. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. सिस्टर ते बांधत होत्या. मी वैतागून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला पाड्यांवर यायचं असतं, तर एकट्या या की. आम्हा लोकांची वरात कशाला बरोबर?"

पट्टी गुंडाळता गुंडाळता त्या थांबल्या.

"आले होते ना. रिटायर झाल्यावर महिन्याभरानंच. सकाळी निघाले, उन्हं चढेपर्यंत पोचले. पाड्याच्या तोंडाशी उभी राहिले. मग मनात आलं, कुणी विचारलं कशाला आलीस, तर काय सांगू? हातात डबा नाही. कुणाला टोचायचं नाही. बिनकामाचं कसं जायचं कुणाच्या दारात?"

"मग?"

"मग काय. तशीच परत फिरले. पुढं ही ठाण्याची मंडळी भेटली. म्हटलं, चला, हे काम बरं आहे."

त्यांनी पट्टीला गाठ मारली आणि माझा पाय सतरंजीवर ठेवला. ज्या बाईनं एवढी दरी तोंडपाठ सांगितली, तिला त्या दरीत शिरायला निमित्त लागत होतं. मला गलबलून आलं. फोडांमुळे, असं मी बाकीच्यांना सांगितलं.

चौथ्या दिवशी पोशेरा तासाभरावर राहिलं होतं. खाली रस्त्यावर जीप दुपारी एकला येणार होती. वाटेत शेवटचा पाडा लागला, सिस्टरच्या हिशेबानं अर्ध्या बर्फावरचा. पहिल्याच घराच्या अंगणात एक तिशीची बाई नाचणीची कणसं झोडत होती. सिस्टरना बघून तिनं काठी टाकली.

"आलीस काय, सिस्टर! ये, बस."

"नको गं मंजुळा. पोरं बरी आहेत ना? वितळतंय, निघते."

मंजुळा कुंपणापाशी आली. तिनं सिस्टरच्या दोन्ही खांद्यांकडे बघितलं. "काय वितळतंय? डबा कुठाय तुझा?"

आम्ही विचारायचा केव्हाच सोडून दिलेला प्रश्न तिनं सरळ विचारून टाकला. सिस्टर गडबडल्या. आमच्याकडे हात करून म्हणाल्या, "ही माणसं आहेत ना बरोबर. त्यांना पोचवायचंय."

मंजुळानं आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "दरसाल ही दमलेली माणसां कशाला गं आणतेस? यांचं हाल, तुझंबी हाल. तुला यायचं तर तू ये ना."

"काम नसताना?"

"पाव्हणीला काय काम असतं?" मंजुळा म्हणाली, आणि पुढे होऊन तिनं सिस्टरच्या पाठीवरचा बोजा काढून घेतला. प्रत्येक गोष्टीला तयार उत्तर असलेल्या सिस्टर कुंपणाला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

केतन घसा खाकरून म्हणाला, "सिस्टर, एकची जीप आहे. निघावं लागेल."

सिस्टरनी त्याच्याकडे बघितलं, मग मंजुळाकडे.

"मुकुंदभाऊ, तुम्ही न्या सगळ्यांना. वाट सरळ आहे, नुसता उतार आहे. चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही."

"पण सिस्टर," केतन म्हणाला, "गाइड मध्येच थांबल्या, असं मला लिहावं लागेल."

"लिहा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कुंपण ओलांडलं, दाराशी बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट दाराबाहेर नीट जोडीनं ठेवले आणि वाकून आत गेल्या. आतून मंजुळाचा आवाज आला, तांब्या कुठाय म्हणून ती पोरीला ओरडत होती.

आम्ही उतरलो. कुणी घाई केली नाही, कुणी फोटोही काढले नाहीत. या खेपेला मी खरोखरच सगळ्यांत पुढे होतो, आणि सारखं मागे वळून बघत होतो.

जीपवाला बॉनेटला टेकून उभा होता. सवयीनं त्यानं बाही वर सरकवली आणि मग आमच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बघून विचारलं, "सिस्टर कुठंयत?"

केतननं वही पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली आणि चेन ओढून बंद केली.

"पाहुण्या म्हणून गेल्यात," तो म्हणाला. "त्या येतील सावकाश."